बिली बार्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांचा काळ संपत आला असताना हा मुलगा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि पुढची सत्तरेक वर्षं काम करत राहिला. त्यातलं बरंचसं काम पडद्यावर नाव न देता झालं. काही रबरी मुखवट्याआड झालं, काही संकलनात कापलं गेलं. म्हणून त्यांच्याविषयी चुकीची माहितीही पुष्कळ फिरते. सर्वाधिक विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. चित्रपट स्वतः बघून खात्री करता यावी म्हणून प्रसंग शक्य तितके नेमके सांगितले आहेत.

बिली बार्टी म्हणजे नेमके कोण?

मूळ नाव विल्यम जॉन बर्टनझेटी. जन्म २५ ऑक्टोबर १९२४, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मिल्सबरो या खाणपट्ट्यातल्या छोट्या गावी. ते लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात आलं आणि तिथेच त्यांना चित्रपट मिळाले. प्रौढ वयात त्यांची उंची ३ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे ११४ सेंटिमीटर होती. अभिनय, नाच, ड्रम वाजवणं आणि नकला ही सगळी अंगं त्यांच्याकडे होती. अमेरिकेतल्या कमी उंचीच्या लोकांची पहिली देशव्यापी संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. मृत्यू २३ डिसेंबर २००० रोजी, लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेल इथे, वयाच्या ७६ व्या वर्षी, हृदयविकाराने.

उंची कमी असण्याचं कारण काय होतं?

कार्टिलेज हेअर हायपोप्लेझिया नावाची जनुकीय अवस्था. यात हाडांची टोकं वाढवणारी कूर्चा नीट वाढत नाही, त्यामुळे हातपाय आखूड राहतात. केस बारीक आणि विरळ असतात. काही जणांची रोगप्रतिकारशक्तीही कमी असते. सदोष जनुक आईवडील दोघांकडूनही आलं तरच ही अवस्था दिसते, म्हणून सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांच्या घरी असं मूल जन्मू शकतं.

कमी उंची असलेल्यांत सर्वाधिक आढळणारी अवस्था मात्र वेगळी आहे. तिचं नाव अकॉन्ड्रोप्लेझिया. ‘बुटके कलाकार म्हणजे सगळे एकाच आजाराचे’ हा समज चुकीचा आहे. चित्रपट बघताना हा फरक कामाला येतो, कारण शरीराच्या ठेवणीवरून नट ओळखता येतात. ते पुढे येईलच.

चित्रपटात सुरुवात कशी झाली?

१९२७ मध्ये, एका विनोदी मूक लघुपटातून. लगेच त्यांना ‘मिकी मॅग्वायर’ ही लघुपटांची मालिका मिळाली. वर्तमानपत्रातल्या एका चित्रमालिकेवरून निर्माता लॅरी डार्मर यांनी ती काढली होती. मुख्य भूमिकेत होता छोटा मिकी रूनी आणि बिली त्याचा धाकटा भाऊ व्हायचा. मालिका १९३४ पर्यंत चालली. मूकपटांकडून बोलपटांकडे जाण्याचा सगळा गोंधळ याच काळातला. अनेक मोठे नट त्यात बाद झाले, ही दोन पोरं मात्र टिकली. बिलीची विनोदाची वेळ इथेच घडली: पडणं, उठणं आणि कॅमेऱ्याकडे एक क्षण बघून मग पळणं.

१९३३ सालच्या चित्रपटांत ते नेमके कुठे दिसतात?

हे त्यांच्या बालपणातलं सर्वोत्तम वर्ष. वय ८ ते ९. एकाच वर्षात तीन मोठे संगीतपट आले आणि तिन्हींतले नाच बसवले होते बझ्बी बर्कली यांनी.

‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ हा वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपट आहे. मध्याच्या सुमारास बागेतल्या जोडप्यांचं ‘पेटिन इन द पार्क’ हे गाणं येतं, ते लावा. टोपडं-झबलं घातलेलं एक बाळ बाबागाडीतून निसटतं आणि सगळ्या बागेत उच्छाद मांडतं. तेच बिली. पाऊस येतो, भिजलेल्या मुली कपडे बदलायला पडद्याआड जातात आणि हे बाळ कॅमेऱ्याकडे मिश्किल बघत पडदा वर ओढायला लागतं. मुली बाहेर येतात त्या चक्क पत्र्याचे पोशाख घालून. नायक डिक पॉवेल हतबल. तेव्हा हेच बाळ त्याच्या हातात डबा उघडायचं ओपनर ठेवतं. सगळ्या गाण्याचा शेवटचा ठोका बिलीच्या हातात दिला आहे, आणि तो एका क्षणानेही चुकत नाही.

‘फूटलाइट परेड’ मध्ये ते दोनदा आहेत. मांजरांच्या वेशातल्या नर्तकांचं गाणं आहे, त्यात ते उंदीर झाले आहेत. नंतर ‘हनिमून हॉटेल’ या गाण्यात नवविवाहितांना सतावणारा पोरगा. चित्रपटाच्या शेवटी तीन भव्य गाणी लागोपाठ येतात, त्यांतलं ‘हनिमून हॉटेल’ पहिलं.

‘रोमन स्कँडल्स’ मधल्या एका गाण्यात नायक एडी कँटर वाफेच्या खोलीत अडकतो आणि आकसून छोटा होऊन बाहेर पडतो. हा छोटा एडी म्हणजे बिली. युक्ती अगदी साधी आहे: दार बंद, कट, दार उघडलं की दुसरा नट. पण ती पटायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पोशाख तंतोतंत त्याच बेताचा हवा, रंगभूषा तीच हवी आणि चालण्याची ढब मोठ्या नटाची हवी. तिसरी गोष्ट शिंपी किंवा रंगभूषाकार देऊ शकत नाही, ती नटालाच आणावी लागते. या गाण्यात कँटर चेहरा काळा रंगवून कृष्णवर्णीय माणसाचं सोंग घेतात. ती त्या काळची अपमानास्पद प्रथा होती. बघायला बसण्याआधी हे माहीत असावं.

त्याच वर्षीच्या पॅरामाउंटच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ मध्येही ते आहेत, पण तिथे करण्यासारखं फारसं काही वाट्याला आलेलं नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तान्ह्या बाळाच्या भूमिका का देत?

खऱ्या तान्ह्या मुलाला इशारा समजत नाही. दिव्यांखाली ते रडतं आणि त्याला कामावर ठेवायचे तास अगदी थोडे. बर्कली यांच्या नाचात तर कॅमेरा, वाद्यवृंद आणि कित्येक नर्तकी ठोक्यावर हलत असतात. तिथे बाळाच्या आकाराचा, पण मोठ्यांची समज असलेला नट सोन्याच्या मोलाचा. बिलीला एकदा सांगितलं की तो दर टेकला तेच करायचा.

याला काळाचंही कारण आहे. पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता जुलै १९३४ पासून कडकपणे लागू झाली. त्यानंतर पडद्यामागे डोकावणारं खट्याळ बाळ दाखवणं शक्यच नव्हतं. बिलीची ही खास भूमिका त्या नियमाबरोबर संपली.

‘ब्राइड ऑफ फ्रँकनस्टाइन’ मध्ये ते आहेत की नाहीत?

आहेत, पण चेहरा दिसत नाही. १९३५ च्या या चित्रपटात डॉक्टर प्रिटोरियस काचेच्या बरण्यांत ठेवलेली इवलीशी माणसं दाखवतो: राजा, राणी, धर्मगुरू वगैरे. त्यात उंच खुर्चीत बसलेलं एक बाळही होतं, ते बिली. दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी प्रदर्शनाआधी बाळ नीट दाखवणारा भाग काढून टाकला. सगळ्या बरण्या एकत्र दिसतात त्या दूरच्या दृश्यात ते पाठमोरे क्षणभर दिसतात. चित्र थांबवून बघितलं तरच सापडतात.

हे दृश्य केलं कसं, असंही विचारलं जातं. नटांना माणसाच्या मापाच्या मोठ्या बरण्यांत, मागे काळं मखमल लावून, वेगळं चित्रित केलं. टेबलावरच्या खऱ्या बरण्यांच्या कोनाशी कॅमेऱ्याचा कोन जुळवला. मग एकेका चौकटीत आकृतीची कड रेखून ती दुसऱ्या फिल्मवर बसवली. कोन जरा चुकला की माणूस बरणीत तरंगतोय असं दिसतं. इतकी दशकं उलटली तरी ते दृश्य अजून पटतं.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ मधल्या मंचकिन्समध्ये बिली बार्टी होते ना?

नाही. मंचकिन्स म्हणजे त्या चित्रपटातल्या काल्पनिक देशातली बुटकी माणसं. बार्टी त्यांत होते हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. चित्रीकरण १९३८ च्या अखेरीला झालं. तेव्हा बिली १४ वर्षांचे होते आणि बहिणींसोबत रंगमंचाचे दौरे करत होते.

प्रश्न निघालाच आहे तर त्या चित्रपटातल्या कलाकारांविषयी थोडं सांगायलाच हवं. एमजीएम स्टुडिओने लिओ सिंगर या व्यवस्थापकामार्फत १२४ कमी उंचीचे कलाकार जमवले, त्यांतले बरेच युरोपातून आलेले. श्रेयनामावलीत एकाही व्यक्तीचं नाव नाही, सगळे मिळून सिंगर यांची मंडळी एवढाच उल्लेख. त्यांच्या तोंडची गाणी बहुतेक इतर गायकांनी गायली आणि ध्वनिमुद्रण वेग वाढवून वाजवलं. प्रत्यक्ष त्यांचे आवाज फक्त दोघांचे ऐकू येतात, नायिका डोरोथीला फुलं देताना. मोबदला आठवड्याला सुमारे ५० डॉलर होता. टोटो या कुत्र्याचे आठवड्याला १२५ डॉलर मिळत. हा आकडा आजही मनाला लागतो आणि लागायला हवा.

जंगलात एका मंचकिन कलाकाराने गळफास घेतल्याचं दिसतं, ही अफवाही खोटी. मागे हलतो तो सेटवर मोकळा सोडलेला मोठा पक्षी आहे.

कुठल्या कलाकारांशी त्यांची गल्लत होते? ओळखायचं कसं?

मुख्य घोळ नावांचा आहे. ‘बिली’ नावाचे तीन कमी उंचीचे नट एकाच काळात हॉलिवूडमध्ये होते.

बिली कर्टिस यांचा जन्म १९०९ चा, म्हणजे बार्टींहून १५ वर्षांनी मोठे. संपूर्ण कमी उंचीच्या नटांचा संगीतमय वेस्टर्न ‘द टेरर ऑफ टायनी टाउन’ (१९३८) मधला नायक ते. हिचकॉक यांच्या ‘सॅबोटर’ (१९४२) मध्ये सर्कशीच्या गाडीतला तापट मेजर ते. क्लिंट ईस्टवुड यांच्या ‘हाय प्लेन्स ड्रिफ्टर’ (१९७३) मध्ये ज्याला अचानक शेरीफ करतात तो मॉर्डेकायही तेच. या तिन्ही भूमिका बार्टींच्या नावावर सर्रास खपवल्या जातात. ‘लिटल बिली’ ऱ्होड्स हे तिसरे, ‘टेरर’ मधले खलनायक.

अँजेलो रॉसिटो यांची उंची २ फूट ११ इंच. ‘फ्रीक्स’ (१९३२) पासून ‘मॅड मॅक्स बियाँड थंडरडोम’ (१९८५) मधल्या ‘मास्टर’ पर्यंत तेच. जेरी मॅरेन हे ‘ऑझ’ मध्ये डोरोथीला लॉलिपॉप देणारे. २०१८ मध्ये ९८ व्या वर्षी वारले. मायकेल डन यांना ‘शिप ऑफ फूल्स’ (१९६५) साठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं होतं, ते बार्टींना कधीच मिळालं नाही.

सर्वात भरवशाची कसोटी वयाची आहे. चित्रपट १९४० च्या आधीचा असेल आणि त्यात कमी उंचीचा प्रौढ पुरुष दिसत असेल, तर तो बार्टी असूच शकत नाही, कारण तेव्हा ते पोरवयातच होते. दुसरी खूण शरीराची: बार्टींचा चेहरा गोल, हातपाय धडाच्या मानाने आखूड. मॅरेन यांचं शरीर प्रमाणबद्ध, फक्त लहान.

जुन्या चित्रपटांत प्रमाणबद्ध शरीराचे इतके कलाकार दिसतात, आता का दिसत नाहीत?

वैद्यकामुळे. शरीर प्रमाणबद्ध पण लहान राहण्याचं मुख्य कारण म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची कमतरता. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हे संप्रेरक उपचारात द्यायला लागले. १९८५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलेलं संप्रेरक अमेरिकेत मंजूर झालं आणि उपचार सर्रास झाले. अशी मुलं आता बहुधा बरीच उंच वाढतात. हाडांच्या वाढीतच दोष असलेल्या अवस्थांवर या उपचाराचा तसा परिणाम होत नाही. त्यामुळे ‘ऑझ’ मध्ये दिसणारी ती गर्दी आज कुठल्याही निर्मात्याला जमवता येणार नाही.

१९३५ नंतर ते पडद्यावरून गायब का झाले?

१९३५ च्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ मध्ये ते मस्टर्डसीड ही परी झाले. त्यातल्या पक या खट्याळ पात्राच्या भूमिकेत होता पुन्हा मिकी रूनी. त्यानंतर वडिलांनी मुलांचा रंगमंचीय कार्यक्रम बांधला: बहीण डोलोरेस पियानोवर, एव्हलिन व्हायोलिनवर, बिली ड्रमवर आणि नकलांना. चित्रपटात त्यांना बाळाच्या झबल्यात कोंबत होते, रंगमंचावर मात्र त्यांचं नाव पाटीवर सर्वात वर असे.

१९४० च्या दशकात दौरे सोडून ते लॉस एंजेलिसमध्ये महाविद्यालयात गेले, पत्रकारिता शिकले, फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळले. खेळांचा वार्ताहर व्हायचा त्यांचा मनसुबा होता. तो सोडून ते परत अभिनयाकडे वळले, पण खेळाचं वेड आयुष्यभर राहिलं. पुढे संस्थेसाठी निधी उभारायला त्यांनी गोल्फच्या स्पर्धा भरवल्या.

स्पाइक जोन्स यांच्यासोबत काय काम केलं?

स्पाइक जोन्स यांचा वाद्यवृंद गंभीर गाण्यांची विनोदी मोडतोड करण्यासाठी प्रसिद्ध होता. १९५० च्या दशकात बार्टी त्यात होते. त्यांची लिबराची या झगमगत्या पियानोवादकाची नक्कल गाजली: चमकदार कोट, पियानोवर मेणबत्त्यांचं झाड आणि ते गोड हसू. प्रेक्षक हसत होते ते उंचीला नव्हे, नकलेतल्या अचूकपणाला. बार्टींच्या कारकिर्दीचा विचार करताना हे काम ‘गोल्ड डिगर्स’ इतकंच महत्त्वाचं आहे, कारण इथे त्यांनी स्वतःची कला स्वतःच्या नावाने दाखवली.

टीव्हीवरच्या कुठल्या भूमिका बघण्यासारख्या आहेत?

‘पीटर गन’ (१९५८ ते १९६१) मधला बॅबी. बिलियर्ड खेळणारा, शहरातल्या खबरा ठेवणारा, गुप्तहेराला माहिती विकणारा माणूस. या भूमिकेत उंचीवर विनोद जवळजवळ नाही. सूट घातलेला एक हुशार धंदेवाईक, एवढंच. असं लिखाण त्यांच्या वाट्याला फार कमी आलं.

त्याआधी ‘सर्कस बॉय’ मध्ये ते सर्कशीतला लिटल टॉम होते. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्थानिक वाहिनीवर त्यांचा मुलांसाठी स्वतःचा कार्यक्रम होता. त्या शहरात वाढलेल्या एका पिढीला ते चित्रपटांमुळे कमी आणि या कार्यक्रमामुळे अधिक माहीत होते. एल्व्हिस प्रेस्लींच्या ‘हॅरम स्कॅरम’ (१९६५) मध्येही ते मुका पाकीटमार बाबा म्हणून भेटतात.

मुखवट्याआडच्या भूमिका कोणत्या? त्यात काय अवघड असतं?

यादी मोठी आहे. मुलांच्या ‘सिग्मंड अँड द सी मॉन्स्टर्स’ (१९७३) मधला हिरवा समुद्री राक्षस सिग्मंड, ‘द बुगालूज’ मधला काजवा स्पार्की, ‘लेजंड’ (१९८५) मधला स्क्रूबॉल, ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ (१९८७) मधला ग्विल्डॉर. राल्फ बाक्शी यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९७८) या ॲनिमेशनपटात तर ते दिसतच नाहीत. आधी खऱ्या नटांना चित्रित करून त्यावर रेखाटन केलं गेलं. बिल्बो आणि सॅम यांच्या हालचाली बार्टींच्या आहेत.

अवघड काय, तर अंगभर पोशाखात उष्णता बाहेर जात नाही. शरीर लहान, पोशाखाचं रबर आणि फोम मात्र तितकंच जाड, त्यामुळे वजनाचं प्रमाण मोठ्या नटापेक्षा जड पडतं आणि भार कंबरेवर व कण्यावर येतो. छिद्रांतून समोरचं थोडंच दिसतं, म्हणून पावलं मोजून चालावं लागतं. चेहऱ्यावर चिकटवायचे फोम लेटेक्सचे तुकडे काढताना कडेने फाटतात, दर दिवशी नवे लागतात. घाम आला की तोंडाभोवतीचा गोंद आधी सुटतो, कारण तिथली हालचाल सर्वाधिक. जाड रबराखाली चेहऱ्याचे बारीक भाव पोचत नाहीत. मग मान, खांदे आणि डोळे एवढ्यावर अभिनय करायचा. ग्विल्डॉरचे डोळे बघा: बार्टी तेवढ्या दोन छिद्रांतून पूर्ण पात्र उभं करतात. हा चित्रपट ज्या खेळण्यांवरून निघाला, त्यांच्यावरच्या आधीच्या कार्टून मालिकेतला ऑर्को हवेत तरंगणारा होता. ते पडद्यावर आणणं खर्चिक, म्हणून ग्विल्डॉर नव्याने रचला गेला. या भूमिकेला वर्षातल्या वाईट अभिनयाचं नामांकन दिलं गेलं, ते आम्हाला अन्यायाचं वाटतं.

यातल्या दोन निर्मितींचे सेट आगीत जळाले. ‘सिग्मंड’ चा १९७४ मध्ये हॉलिवूडच्या गोल्डविन स्टुडिओत आणि ‘लेजंड’ चा १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत.

त्यांची सर्वोत्तम प्रौढ भूमिका कोणती?

‘द डे ऑफ द लोकस्ट’ (१९७५) मधला एब कुसिच. १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडच्या कडेला जगणारी, तुटलेली माणसं हा चित्रपटाचा विषय. त्याच हॉलिवूडमध्ये बार्टी बाळाच्या वेशात नाचले होते. एब शर्यतींचा धंदा करणारा, भांडकुदळ, दारुडा आणि आतून दुखावलेला. कोंबड्यांच्या झुंजीच्या प्रसंगात त्यांना बघा. हरणारा कोंबडा हातात घेऊन त्याला पुन्हा उभं करायची त्यांची जी धडपड आहे, तिथे विनोदाचा लवलेश नाही. झुंजीचं दृश्य रक्तरंजित आहे, सर्वांना बघवेलच असं नाही.

‘फाउल प्ले’ (१९७८) हे दुसरं टोक. ‘बुटका’ या टोपणनावाच्या मारेकऱ्याला घाबरलेली गोल्डी हॉन दारात आलेल्या बायबल विक्रेत्याला बेदम मारते आणि खिडकीतून बाहेर फेकते. विक्रेता अर्थात बार्टी. दवाखान्यात प्लास्टरमध्ये गुंडाळलेले ते तिच्याकडे बघतात तो क्षण पोट धरून हसवतो. या विनोदाचं मर्म तिच्या गैरसमजात आहे आणि बार्टी तो सभ्य, बोलघेवड्या विक्रेत्याच्या सरळपणाने तोलून धरतात.

‘विलो’ मध्ये त्यांचं काम किती?

थोडं, पण मानाचं. १९८८ च्या या चित्रपटासाठी दोनशेहून अधिक कमी उंचीचे कलाकार घेतले होते. नायक वॉरविक डेव्हिस तेव्हा अठराच्या आसपास. बार्टी गावचे वृद्ध जादूगार, हाय ऑल्डविन. शिष्य निवडताना ते तीन उमेदवारांना विचारतात की जग चालवण्याची शक्ती कुठल्या बोटात आहे. पन्नास वर्षांपूर्वी ‘ऑझ’ मध्ये नाव नसलेली गर्दी होती, इथे नायकापासून जादूगारापर्यंत सगळ्यांना नावं आणि स्वभाव आहेत.

त्यांनी काढलेली संघटना कोणती?

‘लिटल पीपल ऑफ अमेरिका’. १९५७ मध्ये बार्टींच्या हाकेवरून नेव्हाडातल्या रेनो शहरात विसेक माणसं जमली. आधी नावात ‘मिजेट’ हा शब्द होता. सर्कस आणि जत्रेतल्या तमाशाची छाया असलेला तो शब्द काही वर्षांत काढून टाकला. सदस्यत्वासाठी उंचीची मर्यादा ४ फूट १० इंच. संघटना वैद्यकीय माहिती, कपडे-गाडी-घर यांत करायचे बदल, नव्या पालकांना आधार आणि वार्षिक संमेलन ही कामं करते. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या डोळ्यांच्या पातळीवरचा माणूस अनेकांना भेटतो तो या संमेलनात.

१९७५ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची संस्था काढली, ती शिक्षण आणि उपचारांसाठी मदत करायची. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा १९९० मध्ये झाला, त्यासाठीही ते झटले. एटीएमचं बटण, दुकानातला काउंटर, टेलिफोनची उंची हे सगळे प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत आले.

आपल्याकडच्या वाचकांसाठी: भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अवस्था नमूद दिव्यांगत्वांमध्ये आहे आणि उंचीची मर्यादा तीच, ४ फूट १० इंच म्हणजे १४७ सेंटिमीटर. महाराष्ट्रातही दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हीच व्याख्या लागू होते.

एर्व्हे व्हिलशेझ यांच्याशी मतभेद कशावरून?

‘फँटसी आयलंड’ या टीव्ही मालिकेतले कमी उंचीचे नट व्हिलशेझ स्वतःला ‘मिजेट’ म्हणवून घेत आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. बार्टींना ते खटके. हजारो लोकांनी नाकारलेला शब्द टीव्हीवरच्या सर्वात प्रसिद्ध चेहऱ्याने उचलून धरावा, याचं त्यांना वाईट वाटे.

एकूण चित्रपट किती? याद्या जुळत का नाहीत?

दोनशेच्या आसपासचा आकडा नेहमी दिला जातो. याद्या न जुळण्याची कारणं तीन: १९३० च्या दशकात किरकोळ भूमिकांची नावं पडद्यावर देत नसत, मूक लघुपटांतले बरेच नष्ट झाले आणि इतर ‘बिलीं’ची कामं यांच्या खात्यात मिसळली. शिवाय कमी उंचीचे प्रौढ नट बालकलाकारांचे बदली म्हणून उभे राहत, कारण मुलांवर कामाच्या तासांचं बंधन होतं. ती कामं कुठेच नोंदली गेली नाहीत.

एखादं श्रेय तपासायचं असेल तर आधी चित्रपटाचं साल आणि बार्टींचं तेव्हाचं वय जुळवा. मग पडद्यावरची श्रेयनामावली बघा. तिथे नाव नसेल तर प्रसंग शोधून चेहरा पडताळा. चेहरा झाकलेला असेल आणि नावही नसेल, तर ते श्रेय कच्चंच समजा.

पहिल्यांदा बघणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ पासून, दीड तासाहून थोडा मोठा आहे. पूर्ण बघा, फक्त गाणं नको. मग ‘पीटर गन’ मधले बॅबीचे एक-दोन भाग. त्यानंतर ‘फाउल प्ले’, आणि मन तयार असेल तेव्हा ‘द डे ऑफ द लोकस्ट’. मुलं सोबत असतील तर ‘विलो’. ‘यूएचएफ’ (१९८९) मध्ये ते बातम्यांचे कॅमेरामन नूडल्स आहेत आणि त्यांनी टिपलेली सगळी दृश्यं खालून वर बघणारी आहेत. ते चित्रपट बघता बघता सहज लक्षात येत नाही, म्हणून बातमीच्या प्रसंगांत कॅमेऱ्याच्या कोनाकडे लक्ष ठेवा.